मोरपंखी पैठणी आणि माझी टाच

सर्रर्र असा बारीक आवाज झाला आणि माझ्या हातातल्या निऱ्या हातातच राहिल्या.

मी गादीवर उभा होतो. शर्ट-पँटवरूनच अंगाला मोरपंखी पैठणी गुंडाळलेली, पदर डाव्या खांद्यावर, निऱ्या कमरेशी धरलेल्या. समोर एक सासूबाई आणि त्यांच्या दोन सुना मांडी घालून बसल्या होत्या.

"वळा की जरा," सासूबाई म्हणाल्या. "पाठीमागनं काठ कसा पडतोय बघू दे."

मी वळलो. काठ टाचेखाली आला होता, टाचेच्या भेगेत त्याचा एक धागा अडकला होता, आणि मी वळलो तसा तोही बिचारा माझ्याबरोबर वळला.

"अगंबाई, दोरा निघाला!" धाकटी सून ओरडली.

खाली बघितलं तर काठावर आडवी चुणी पडलेली, आणि त्यातून सोनेरी धाग्याचा एक फास वर डोकावत होता. सासूबाईंनी साडीकडे बघितलं, मग माझ्या टाचेकडे, मग सुनांकडे. "चला गं," एवढंच म्हणून त्या उठल्या. त्या दिवसाची भवानी, म्हणजे पहिली विक्री, अशी चपला घालून निघून गेली.

आता तसली दुकानं फारशी उरली नाहीत, म्हणून सांगतो. कराडच्या बाजारपेठेत अण्णाशेठचं साड्यांचं दुकान होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी. गिऱ्हाइकानं खाली चपला काढायच्या आणि वर चढून बसायचं. आम्ही विक्रेते दिवसभर अनवाणी. साडी नुसती घडी मोडून पसरायची नाही, स्वतःच्या अंगावर नेसून दाखवायची, असा आमच्या दुकानाचा रिवाज होता. मिशा असलेला माणूस पदर सावरत वळतोय, हे बघून नव्या गिऱ्हाइकाला आधी हसू यायचं. पण मिशीखाली साडी चांगली दिसली तर आपल्या सुनेला दिसेलच, असा हिशेब करून बायका घेऊन जायच्या.

या कामात मी तरबेज होतो. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच होतो. लांबलांबच्या गावचे लोक "मुकुंदा कुठाय? त्याला नेसू द्या," म्हणून थांबायचे. साडी अंगावर घेतली की ती कशी पडेल, कुठे फुगेल, हे मला कळायचं, आणि ते कळण्यात मला फार सुख होतं. पण या धंद्याची एक देणगी असते. दिवसभर कोरड्या खादीच्या गादीवर पाय घासायचे, साठ्याच्या कोठीत गार फरशीवर अनवाणी फिरायचं, मांडी घालून घालून घोट्यांना घट्टे पडायचे. माझ्या टाचा सुकलेल्या तळ्यागत फुटल्या होत्या. आजवर सुती साड्यांनी ते सोसून घेतलं होतं. रेशमानं सोसलं नाही.

"मुकुंदा," गल्ल्यावरून आवाज आला. "टाच दाखव."

अण्णाशेठ गल्ल्यावर बसायचे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, काळी टोपी आणि पायांत पांढरे मोजे. ऐन वैशाखातही मोजे. आम्ही तो शेठचा थाट समजायचो.

मी खांबाला धरून टाच वर केली. शेठ चष्मा सरकवून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. पण रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पाटणकडच्या मोकाशींचा बस्ता आहे पंधरवड्यानं," ते म्हणाले. "त्यांनी तुझं नाव घेऊन निरोप पाठवलाय. सगळा बस्ता रेशमी. तोवर टाचा मऊ झाल्या तर गादीवर थांब. नाही झाल्या तर खाली परकर-अस्तरांच्या फडताळाशी तुझी जागा."

"कायमची?"

"कायमची."

परकर आणि अस्तरं! तिथं काही नेसून दाखवायचं नसतं. बाई रंगाचा तुकडा पुढे करते, आपण त्या रंगाचं अस्तर फाडून द्यायचं. दिवसभर फाडत राहायचं.

"आणि एक," शेठ म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर पायाचं नाव काढायचं नाही. ही दोऱ्याची गोष्ट गावभर झाली तर बाया साड्या बघायच्या सोडून दोरे शोधत बसतील."

मोरपंखी पैठणी त्यांनी स्वतः घडी घातली आणि मागच्या कपाटात ठेवून दिली. घडी घालताना त्या निघालेल्या दोऱ्यावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. टाचेला काही लागूच द्यायचं नसेल तर टाच झाकावी, म्हणून बाजारातून नायलॉनचे मोजे घेतले आणि ते घालून गादीवर चढलो. माझ्याबरोबर काम करणारे दाजी माझ्यापेक्षा वयानं मोठे आणि जिभेनं तिखट.

"वा," ते म्हणाले, "आज शाळेत स्नेहसंमेलन आहे वाटतं."

मी लक्ष दिलं नाही. एका बाईंना जॉर्जेटची साडी नेसून दाखवत होतो. जॉर्जेट पायाखाली, त्यावर नायलॉन. बाई म्हणाल्या, "जरा पुढं येऊन दाखवा." मी पुढे आलो, तो थांबलोच नाही. गादीच्या कडेवरून पदरासकट खाली गेलो आणि गिऱ्हाइकांच्या चपलांत बसलो. बाई घाबरून उठल्या, मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांनी साडी घेतली.

शेठ मात्र हसले नाहीत. "गादीवर मोजे घालून कोण चढतं?"

"तुम्हीपण घालताच की, शेठ," मी चपलांमधून म्हणालो.

"मी गादीवर चढतो का?"

ते खरंच कधी चढत नव्हते. मालकाची जागा गल्ल्यावर, त्यात विशेष ते काय, असं मला वाटलं. पण हे बोलताना त्यांनी गल्ल्याचा खण नेहमीपेक्षा जोरात लावला होता.

त्या संध्याकाळी घरी आलो आणि दाढीचं ब्लेड घेऊन मोरीशी बसलो. वरची जाड कातडी खरवडून काढली की झालं, असा साधा विचार. एवढ्यात मागून सुमती आली.

"अहो, ते ब्लेड ठेवा बघू खाली! टाच आहे ती, पेन्सिल नव्हे."

माझी बायको चिपळूणची. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की तिचं माहेर. शांत स्वभाव, पण हुकूम सोडायची पद्धत अशी की मामलेदारानं शिकून घ्यावी. मी सगळी हकीगत सांगितली. परकराच्या फडताळाचं सांगताना माझा आवाज जरा कापला असावा, कारण तिनं थट्टा लगेच केली नाही. आधी माझी टाच हातात घेऊन दिव्याकडे वळवली.

"लग्नात माझ्या बाबांनी तुमचे पाय धुतले होते," ती म्हणाली. "आत येऊन आईला म्हणाले, जावई कष्टाळू दिसतो. आम्हाला वाटलं, हात बघून म्हणाले."

मग तिचा कारखाना सुरू झाला. रोज संध्याकाळी दुकानातून आलो की घमेल्यात कोमट पाणी आणि मूठभर मीठ. कढत पाणी नाही. मी एकदा लवकर फरक पडावा म्हणून कढत ओतायला गेलो तर म्हणाली, "कढत पाण्यानं कातडी आणखी सुकते. भात शिजवायचा नाहीये आपल्याला." पाय भिजून कातडी मऊ झाली की वजरीनं हलक्या हातानं घासायचं, रोज थोडंच.

"आज सगळंच काढून टाक ना," मी म्हणायचो.

"आणि उद्या लंगडत जा दुकानात. इतक्या वर्षांची कातडी आहे, तिला जरा जाताना निरोप घेऊ दे."

मग पाय कोरडे पुसायचे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. आणि मग भिरंडेल. कोकमाच्या बियांचं तेल कोकणात भिरंडेल म्हणतात. ते तुपासारखं थिजतं, म्हणून त्याचे पांढरे गोळे करून ठेवतात. सुमतीच्या आईनं दिलेला असा एक गोळा फडताळात जुन्या डब्यात पडून होता. तिनं त्याचा तुकडा पळीत घालून पणतीवर धरला, तो विरघळला, आणि कोमट असतानाच माझ्या भेगांमध्ये भरला. वर जुने सुती मोजे. सकाळी शिकेकाईच्या पाण्यानं पाय स्वच्छ धुतल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू देत नसे.

"टाचेनं दोरा काढलात, आता तेलाचा डाग पाडून या," ती म्हणायची. "म्हणजे शेठ तुम्हाला परकराच्या फडताळाशीपण ठेवायचे नाहीत."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मी रोज उठून टाच बघायचो आणि खट्टू व्हायचो. दुकानात शेठनं मला सुती साड्यांवर ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की मी आपोआप टाचा मांडीखाली दडवून बसायचो. रेशीम मागितलं की दाजी उठायचे. ते नेसायचे चांगलं, पण वळताना कमरेवर हात ठेवायचे, आणि साडी बाईच्या अंगावर दिसायच्याऐवजी दाजींच्या अंगावर दिसायची. मला खाली बसून ते बघवायचं नाही.

मग एका सकाळी मोजा काढला आणि तो टाचेला अडकला नाही. मी पुन्हा घातला, पुन्हा काढला. अडकला नाही.

"सुमे!" मी ओरडलो. ती भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, पडलो. मी तिला चारचारदा मोजा काढून दाखवला. "बरं, बरं," ती म्हणाली, "आता नेसून नका दाखवू."

बस्त्याच्या दिवशी सकाळी शेठनं मला गल्ल्यासमोर बोलावलं. समोर वर्तमानपत्राचा कागद पसरलेला होता.

"उभा राहा."

मी उभा राहिलो. उतरलो. शेठनं कागद उचलून उजेडात धरला. तेलाचा डाग नव्हता. मग त्यांनी खणातून रेशमाचं एक कातरण काढलं. फिकट जांभळं, जुनं, कडा विरलेल्या.

"टाच."

मी खांबाला धरून टाच वर केली. त्यांनी ते कातरण माझ्या टाचेवरून हळूच ओढलं. सरसर गेलं. दाजी श्वास रोखून बघत होते, निदान तसं दाखवत होते.

"बाहेरची कड," शेठ स्वतःशीच म्हणाले. "तिथं सगळ्यात शेवटी राहतं." कातरण बाहेरच्या कडेवरून नेलं. तिथंही गेलं. ते क्षणभर ते कातरण तसंच हातात धरून बसले. "काय लावलंस?"

"बायकोनं भिरंडेल लावलं. कोकमाचं."

"हं. चढ गादीवर. पण बस्ता पदरात पडल्यावर मगच नक्की समज. आणि पायाचं नाव काढायचं नाही, लक्षात आहे ना?"

मोकाशींचा बस्ता टेम्पोतून आला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका दिवशी, एका दुकानात, सगळ्या घराच्या साक्षीनं. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे येतात, दोनदा चहा होतो, तीनदा भांडण होतं आणि शेवटी नवरीचा शालू ठरला की सगळं ठरतं. तो ठरला नाही तर सगळा बस्ता उठून समोरच्या दुकानात जातो. समोर दुकान होतंच.

गादी भरून गेली. मधोमध नवरीची आत्या, ताराक्का. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. तिच्या बाजूला नवरी रंजना, गोरटेली, लाजाळू पोर. आणि नवरीची आई? ती वर आलीच नाही. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, लाकडी बाकावर पदर गुडघ्यांवर ओढून बसली होती. हौसाबाई तिचं नाव.

"वैनी, वर ये की गं," ताराक्का म्हणाली.

"बसते हितंच. येवढ्या चपला हायेत, येखादं कुत्रं पळवंल."

मी कामाला लागलो. किती दिवसांनी अंगाला रेशीम लागलं होतं! लाल शालू नेसलो, वळलो, काहीसुद्धा अडकलं नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पण रंजना काही बोलेना. मी नेसलो की ती आधी दाराकडे, आईकडे बघायची. आई तिथून मान हलवायची, "चांगला हाय." पण ती प्रत्येकालाच चांगला हाय म्हणत होती.

"आये, हात लावून बघ की," रंजना म्हणाली.

"हितनं दिसतंय मला."

ताराक्काला वांगी रंग हवा होता. रंजनाला काय हवं होतं ते तिलाही सांगता येत नव्हतं. तिला आईनं सांगायला हवं होतं. दोन्ही चहा झाले. तिन्ही भांडणं झाली. रंजनाचे डोळे भरून आले आणि ताराक्कानं पायांवरचा पदर झटकला.

"ह्या दुकानात न्हाई तिच्या मनाजोगतं. समोर बघूया."

गल्ल्यावरून शेठची नजर माझ्यावर आली. त्यांनी खाली परकरांच्या फडताळाकडे बघितलं नाही, पण मला ते फडताळच दिसलं.

"येक मिन्ट थांबा, अक्का," मी म्हणालो आणि गादीवरून खाली उतरलो. हौसाबाईंजवळ जाऊन उकिडवा बसलो. तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. बाकाखाली मागे ओढलेले, एकावर एक दडवलेले, टाचांवर साडीचा काठ दाबून धरलेला. ती बसायची रीत मला चांगली ठाऊक होती. गेला पंधरवडा मी तसाच बसत होतो.

"मावशी, वर चला. चपला मी बघतो."

"नको रं बाबा." मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ती गादी केवढी पांढरी. आणि माज्या टाचंला लागल ते फाटतंय, घरातली वाकळ सुदीक. हात बी तसलेच. लेकीच्या शालूचा दोरा निघाला म्हंजी? लगनाच्या आदीच अपशकुन. त्यापरास तिला काय घ्यायचं ते घेऊ दे."

मी उठलो. शेठ बघत होते. पायाचं नाव काढायचं नाही, हे मला पाठ होतं. पण आता दुसरं काय बोलणार? साडीचं बोलून ही बाई वर येणार नव्हती. आणि ती वर आली नाही तर शालू ठरणार नव्हता, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. खरं सांगायचं तर हा सगळा विचार मागाहून केलेला आहे. त्या वेळी मला त्या माउलीचे दडवलेले पाय बघवले नाहीत, इतकंच.

"दाजी," मी म्हणालो, "मागच्या कपाटातली मोरपंखी आणा."

दाजींनी आधी शेठकडे बघितलं. मग आणली. मी ती हौसाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि काठ उलगडला.

"हा दोरा दिसतोय? हा ह्या टाचेनं काढलेला आहे." मी गादीच्या कडेवर बसलो आणि सगळ्या बस्त्यासमोर सरळ पाय पसरले. भेगा भरल्या होत्या, पण त्यांच्या खुणा अजून होत्या. "पंधरवड्यापूर्वी बघायला हवं होतं. शेठ मला परकर विकायला बसवणार होते."



"तुज्या टाचा?" हौसाबाई म्हणाल्या. "तू तर दुकानदार मानूस."

"टाचेला कुठं कळतं, मावशी?"

त्या वाकल्या. माझी टाच बघितली. मग निघालेला दोरा बघितला. मग पुन्हा टाच. आणि त्यांना हसू फुटलं.

"आरं, ह्ये काय न्हाईच! माज्या भेगंत तर भुईमुगाची शेंग राहील." आणि त्यांनी बाकाखालून पाय बाहेर काढले.

"शेंग? माज्या भेगंत कणीस राहतंय," गादीवरून कुणीतरी म्हणालं, आणि मग काय विचारता! जिकडेतिकडे पदरांखालून पाय बाहेर आले. कुणी एरंडेल सांगत होतं, कुणी मेण आणि गोडं तेल, कुणी राळेचं मलम. ताराक्का एवढी दरारा असलेली बाई, पण तिनंही हळूच उजवी टाच दाखवली आणि मला विचारलं, "ही घोट्यावरची गाठ बी जाती का वो त्या तेलानं?" मी मीठपाणी सांगितलं, वजरी सांगितली, भिरंडेल सांगितलं, आणि बायकोचा निरोप म्हणून ब्लेड लावू नका हेही सांगितलं. सोयरे मंडळींतले एक वयस्क गृहस्थ ते कागदावर उतरवून घ्यायला लागले.

हौसाबाई गादीवर चढल्या. पण साडीपुढे हात करून पुन्हा मागे घेतला.

"हातानं नका बघू," मी म्हणालो. "गालानं बघा."

मी हिरवा शालू उलगडून त्यांच्या गालापाशी धरला. त्यांनी डोळे मिटले आणि गाल त्यावर टेकवला. थोडा वेळ तशाच राहिल्या. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या शालूला त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. डाळिंबी रंगाचा होता.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "रंजे, ह्यो बघ. तुज्या अंगाला ह्योच."

"मला बी ह्योच आवडला हुता," रंजना म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. ताराक्कानं तिला एक धपाटा घातला आणि स्वतःच डोळे पुसले.

इतक्यात गल्ल्याचा खण लागल्याचा आवाज झाला. शेठ उठले होते. गिऱ्हाईक असताना शेठ गल्ल्यावरून उठलेले मी कधी बघितले नव्हते. मी पाय पोटाशी घेतले. म्हटलं, झालं, शालू विकला गेला आणि आपण परकराला गेलो.

शेठ आले आणि हौसाबाई जिथं बसल्या होत्या त्या बाकावर बसले. वाकून त्यांनी आधी उजवा मोजा काढला, मग डावा.

"आई गं," ताराक्का म्हणाली. "शेठ, ह्ये तर आमच्या परास वंगाळ."

खरंच होतं. भेगा जुन्या, काळ्या पडलेल्या, कडा दगडासारख्या झालेल्या. शेठ माझ्याकडे न बघता बोलत होते.

"मी नेसायचो," ते म्हणाले. "वडिलांच्या वेळी. ह्याच गादीवर. जांभळी बनारसी होती, तिचा दोरा निघाला. वडील म्हणाले, गल्ल्यावर बस. मोजे घातले आणि बसलो."

"किती वर्षं झाली त्याला?" हौसाबाईंनी विचारलं.

दिवसभर पैसे मोजणारा तो माणूस म्हणाला, "मोजली नाहीत."

मला ते खणातलं जांभळं कातरण आठवलं. आणि मला त्या माणसाचा राग आला. स्वतः एवढं सोसून तेच माझ्या माथी मारायला निघाला होता! राग फार टिकला नाही. हौसाबाईंनी त्यांना शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं, "आवो, मग लावा की त्याल. तुमाला काय कमी हाय?"

"मुकुंदा," शेठ म्हणाले, "तुझ्या बायकोला विचार, आणखी आहे का ते तेल."

"आणि माझं काय, शेठ? गादी की परकर?"

"बस्ता कुणी उरकायचा मग? मी?" ते म्हणाले आणि मोजे खिशात घालून गल्ल्याकडे परत गेले. अनवाणी.

सुमतीनं माहेरी निरोप धाडला आणि घाटातून भिरंडेलाचे गोळे आले. शेठच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, तिनं स्वतः जाऊन सगळा विधी शिकवला. दाजींनीही एक गोळा मागून घेतला, शेजाऱ्यांसाठी म्हणून. शेठची टाच जुनी होती, तिनं वेळ घेतला. कित्येक आठवडे दुकानात कुणी तो विषय काढला नाही.

मग एके दिवशी सकाळी, दुकान नुकतं उघडलेलं, गिऱ्हाईक कुणी नाही, तेव्हा शेठ गादीपाशी आले. माझ्या हातात ते जांभळं कातरण दिलं, खांबाला धरून पाठमोरे उभे राहिले आणि टाच वर केली.

"बघ."

मी कातरण ओढलं. गेलं. बाहेरच्या कडेवरून ओढलं. गेलं. दुसरी टाच. तीही.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, शेठ."

त्यांनी टोपी काढून गल्ल्यावर ठेवली आणि गादीवर चढले.

"सरक जरा," मला म्हणाले. मी सरकलो. कपाटातून मोरपंखी काढली, घडी मोडली, आणि सदऱ्यावरून ती अशी अंगाला घेतली की मी बघतच राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला तरबेज समजत होतो. निऱ्या त्यांच्या बोटांत आपोआप पडत गेल्या.

तेवढ्यात काकी न्याहारीचा डबा घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. डबा हातातच.

"दोरा निघालेली आहे," शेठ त्यांना म्हणाले. त्यांचा आवाज जरा चोरटा झाला होता. "काठावर. पण बाकी चांगली आहे."

काकींनी डबा बाकावर ठेवला, चपला काढल्या, गादीवर चढून गिऱ्हाइकासारखी नीट मांडी घातली.

"वळा की जरा," त्या म्हणाल्या. "पाठीमागनं बघू दे."

शेठ वळले. काहीच अडकलं नाही.

"पुन्हा वळा," काकी म्हणाल्या. ते पुन्हा वळले.

त्या दिवशीची भवानी काकींनी केली.